विकत घेतलेली रात्र

१/
जर्मनीच्या पूर्वेकडील लाइपझिग शहराजवळचा विमानतळ दिवसा तसा शांत असतो. प्रवासी उड्डाणे बेताचीच. संध्याकाळ सरून रात्र वाढू लागली, की मात्र आकाशात दिव्यांची रांग लागते. युरोपच्या कानाकोपऱ्यांतून आलेली पिवळी मालवाहू विमाने एकामागून एक उतरतात, पोटातला माल रिकामा करतात, दुसरा भरून घेतात आणि उजाडण्यापूर्वी निघून जातात. डीएचएल या जागतिक एक्स्प्रेस कंपनीचे हे सर्वांत मोठे केंद्र.

२/
एक्स्प्रेस कंपनी ग्राहकाला ‘उद्या सकाळी’ हे दोन शब्द विकते. संध्याकाळी दुकान बंद करताना दिलेले पाकीट सकाळी दुसऱ्या देशात दार ठोठावते. हे शब्द खरे करायचे, तर कंपनीला आधी रात्र विकत घ्यावी लागते: वैमानिकाची, लोडरची, हवाई नियंत्रकाची आणि धावपट्टीच्या टोकाशी घर असलेल्या माणसाची. या व्यवहाराचा हा इतिहास. #थ्रेड

३/
रात्री उडण्याची निकड सर्वप्रथम टपालाला भासली. १९२० च्या सुमारास अमेरिकेत टपालाची विमाने दिवसा उडत आणि अंधार पडला की पिशव्या आगगाडीच्या हवाली करत. गाडी रात्रभर धावे, विमान मैदानात उभे राही. दिवसा कमावलेला वेळ रात्री हातचा जाई. फेब्रुवारी १९२१ मध्ये टपाल खात्याने रात्रीही न थांबता देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर टपाल नेण्याचा प्रयोग केला. जॅक नाइट हा वैमानिक नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅटहून रात्री निघाला आणि ओमाहामार्गे शिकागोला पोहोचला. त्याला वाट दिसावी म्हणून खाली लोकांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या.

४/
शेकोट्यांच्या जागी लवकरच फिरते दीपस्तंभ आले. १ जुलै १९२४ पासून अमेरिकेत रात्रीची हवाई टपालसेवा नियमित सुरू झाली. खाली दिव्यांची माळ आणि वर त्या माळेच्या आधाराने जाणारे विमान. त्या काळी विमानाचा आवाज गावाला कौतुकाचा वाटे. आपल्या झोपेचा हिशेब मांडण्याची वेळ अजून आली नव्हती.

५/
पुढचा महत्त्वाचा प्रयोग भारतात, तोही नागपुरात झाला. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमाने रात्री निघत व नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई. प्रत्येक विमान उरलेल्या तिन्ही शहरांचे टपाल घेऊन माघारी वळे आणि सकाळी आपल्या गावी पोहोचे.

६/
नागपूरची निवड नकाशाने केली होती. देशाच्या मध्याजवळचे हे शहर चारही महानगरांपासून एका रात्रीत जाऊन येण्याजोग्या अंतरावर. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मधल्या एका ठिकाणी सगळे भेटले तर चारच पुरतात. लहान आकड्यांत हा फरक किरकोळ दिसतो. शहरे पंचवीस झाली तर? थेट मार्ग ३००, मध्यवर्ती केंद्रातून अवघे २५.

७/
नेमक्या याच गणितावर फ्रेडरिक स्मिथ यांनी आपली फेडरल एक्स्प्रेस उभी केली. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री १४ छोटी फाल्कन विमाने २५ शहरांसाठी उडाली. पहिल्या रात्रीचा माल १८६ पाकिटे. केंद्र होते मेम्फिस: देशाच्या मध्याजवळचे, हवामानामुळे क्वचितच बंद पडणारे. शेजारशेजारच्या दोन शहरांमधले पाकीटही आधी मेम्फिसला जाई आणि तिथून परत येई. कागदावर हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण प्रत्येक पाकिटाची वाट ठरलेली असल्यामुळे प्रत्येकाची वेळही ठरते.

८/
छोटी विमाने ही आवड नव्हती, नाइलाज होता. अमेरिकेत कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर केवढे विमान न्यावे, हे तेव्हा सरकारी मंडळ ठरवी. लहान विमानांनाच त्या परवान्यातून सूट होती. १९७७ मध्ये मालवाहतुकीवरचे हे नियंत्रण उठले आणि मोठी बोइंग ७२७ विमाने घेण्याची वाट मोकळी झाली. मेम्फिसमधली रात्र तेव्हापासून खऱ्या अर्थाने गजबजली.

९/
डीएचएलचा जन्म याआधीचा, १९६९ चा. एड्रियन डॅल्सी, लॅरी हिलब्लॉम आणि रॉबर्ट लिन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे म्हणजे डीएचएल. कंपनीकडे विमान एकही नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जहाजाने माल जाई. जहाज बंदरात लागे, तरी मालाची कागदपत्रे हाती येऊन सीमाशुल्काचे सोपस्कार उरकेपर्यंत माल सुटत नसे. थांबलेल्या जहाजाचा प्रत्येक दिवस पैसे खाई.

१०/
या तिघांनी कागद जहाजाच्या आधी विमानाने पोहोचवले. कुरियर प्रवासी विमानाचे तिकीट काढे आणि कागदपत्रांच्या थैल्या स्वतःचे सामान म्हणून नेई. जहाज येईपर्यंत मंजुरी तयार असे. हिलब्लॉम कायद्याचे शिक्षण घेताना स्वतः असे कुरियरचे काम करत. सत्तरच्या दशकात हे जाळे पॅसिफिक ओलांडून आशियात आणि पुढे युरोप व आखातात पसरले. या धंद्याचा पहिला ऐवज वस्तू नव्हे, वेळ होता.

११/
प्रवासी विमान मात्र प्रवाशांच्या सोयीने निघते. माणसांना सकाळी निघायचे असते, पाकिटाला संध्याकाळी. दुकाने, बँका, कारखाने दिवसभर काम करून पाच-सहाला माल देतात, आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत तो पोहोचावा अशी अपेक्षा असते. मधले सारे तास अंधाराचे. माल वाढला तशी स्वतःच्या हुकमी विमानांची गरज भासली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात डीएचएलने ब्रसेल्समध्ये युरोपातले केंद्र उभारले.

१२/
अशा केंद्रातील रात्रीचा क्रम ठरलेला असतो. संध्याकाळी गावोगावच्या गाड्या आपापल्या विमानतळावर येतात. माल विमानाच्या कमानदार पोटात चपखल बसेल अशा आकाराच्या कंटेनरांत भरला जातो. मध्यरात्रीच्या आगेमागे विमाने केंद्रात उतरतात. कंटेनर रोलरवरून घरंगळत बाहेर येतात, पाकिटे पट्ट्यांवर चढतात, स्कॅनर पत्ता वाचतो, पट्टा फाटे बदलतो आणि दुसऱ्या टोकाला नवे कंटेनर भरू लागतात. दोन-तीन तासांत हे सारे उरकावे लागते. एक विमान उशिरा आले, तर त्यातला माल पन्नास शहरांचा असतो. त्याच्यासाठी सगळ्यांना थांबवायचे की त्याला सोडून निघायचे, हा निर्णय रोजचाच.

१३/
या विमानांचे अर्थकारणही वेगळे. प्रवासी विमान दिवसाचे दहा-बारा तास उडाले, तरच त्याची किंमत वसूल होते. जवळच्या शहराहून येणारे एक्स्प्रेस विमान रात्री एकदा केंद्रात येते, पहाटे परतते आणि दिवसभर उभे राहते. एवढ्या कमी वापरासाठी कोरे विमान परवडत नाही. म्हणून प्रवासी सेवेतून निवृत्त झालेली विमाने घेतात. आसने काढतात, खिडक्या बुजवतात, जमीन बळकट करतात आणि कुशीला मोठा दरवाजा कापतात. कधीकाळी सहलीला गेलेल्या माणसांना घेऊन उडालेले विमान उतारवयात रात्रपाळीला लागते.

१४/
शेपटीवर नाव एकच असले, तरी डीएचएल ही एक विमान कंपनी नाही. कारण १९४४ च्या शिकागो करारात सापडते. आपल्या डोक्यावरचे आकाश आपल्याच मालकीचे, हे तत्त्व राष्ट्रांनी तेव्हा मान्य केले. विमानाला राष्ट्रीयत्व असते, आणि एका देशातील दोन शहरांमध्ये परक्या विमानाला सहसा वाहतूक करता येत नाही. अमेरिकेत तर विमान कंपनीतील मताधिकाराचा किमान ७५ टक्के वाटा अमेरिकी नागरिकांकडे असावा लागतो. २००२ पर्यंत डीएचएल पूर्णपणे जर्मन टपाल कंपनीच्या मालकीची झाली होती. तिला हे दार बंदच.

१५/
तोडगा निघाला तो अनेक कंपन्यांच्या गोधडीचा. लाइपझिगला युरोपियन एअर ट्रान्सपोर्ट, ब्रिटनमध्ये वेगळी कंपनी, ऑस्ट्रियात वेगळी, आखातासाठी बहारीनमध्ये वेगळी, मध्य अमेरिकेसाठी पनामात आणखी एक. जिथे मालकी शक्य नाही, तिथे भागीदारी. जिथे भागीदारीही नको, तिथे भाड्याची विमाने. अमेरिकेत पोलर आणि कलिट्टासारख्या कंपन्या हे काम करत आल्या. भारतात या गोधडीचा तुकडा ब्लू डार्ट: १९८३ मध्ये मुंबईत सुरू झालेली कुरियर कंपनी. १९९६ मध्ये तिच्या समूहाची मालवाहू विमाने उडू लागली आणि पुढे तिची बहुसंख्य मालकी डीएचएलकडे आली.

१६/
खंडांमधल्या प्रवासाला एक रात्र पुरत नाही. मग पृथ्वीच्या फिरण्याचाच उपयोग करून घेतला जातो. हाँगकाँगहून रात्री निघालेले विमान पश्चिमेकडे जाताना सूर्याच्या पुढे पळत राहते. त्याची रात्र लांबते आणि युरोपात उतरताना बरेच तास हाती शिल्लक राहतात. हाँगकाँग, लाइपझिग आणि अमेरिकेतील सिनसिनाटी ही तीन मोठी केंद्रे अशीच एकमेकांना माल सोपवतात. लांब पल्ल्यासाठी २००७ मध्ये लुफ्तान्झाच्या मालवाहतूक शाखेसोबत एरोलॉजिक ही कंपनी स्थापन झाली. तिची विमाने आठवड्याच्या कामाच्या दिवसांत डीएचएलसाठी आणि शनिवार-रविवारी लुफ्तान्झासाठी उडवण्याची योजना होती, म्हणजे कोरी करकरीत बोइंग ७७७ उभी राहायला नकोत.

१७/
यंत्रे आणि मार्ग मिळाले, तरी रात्री जागणारी माणसे लागतात. त्यांची मिळकत कशी करावी लागते, याचे उदाहरण डीएचएलच्या प्रतिस्पर्धी यूपीएसच्या लुईव्हिल केंद्रात दिसते. रात्रपाळीला माणसे टिकत नव्हती. १९९८ मध्ये केंटकी राज्य, स्थानिक शिक्षणसंस्था आणि कंपनी यांनी मिळून ‘मेट्रोपॉलिटन कॉलेज’ नावाची योजना काढली. विद्यार्थ्याने रात्री पाकिटे हाताळायची, कंपनी आणि सरकारने त्याची फी भरायची. गरीब घरातील कित्येकांना त्यातून पदवी मिळाली. सौदा उघड होता: शिक्षणाच्या बदल्यात झोप.

१८/
त्या विद्यार्थ्याने निदान होकार दिलेला असतो. धावपट्टीच्या टोकाशी राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. ब्रसेल्सचा विमानतळ ज्या झावेंतेममध्ये आहे, ते गाव डच भाषिक फ्लँडर्समध्ये, आणि काही उड्डाणमार्ग मात्र फ्रेंच भाषिकांची बहुसंख्या असलेल्या राजधानीवरून. विमाने कोणाच्या छपरावरून न्यायची, हा प्रश्न बेल्जियमच्या भाषावादात सापडला. मार्ग उत्तरेला सरकवला की एक बाजू जागी होई, पूर्वेला सरकवला की दुसरी.

१९/
२००० मध्ये बेल्जियमच्या वाहतूक मंत्री इझाबेल ड्युराँ यांनी रात्रीच्या उड्डाणांवर बंदीचा प्रस्ताव मांडला. कंपनी निघून जाईल, रोजगार बुडेल, या भीतीपोटी तो मागे पडला. २००४ मध्ये डीएचएलला विस्तारासाठी रात्रीची आणखी उड्डाणे हवी होती. सरकार, प्रांत आणि कंपनी यांच्या वाटाघाटी फिसकटल्या. कामगार रस्त्यावर उतरले ते नोकऱ्या वाचवण्यासाठी. रहिवासी आधीच उतरले होते ते झोप वाचवण्यासाठी. दोघांचीही मागणी न्याय्य होती आणि दोघे एकमेकांसमोर उभे होते.

२०/
त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने लाइपझिगची निवड जाहीर केली. पूर्व जर्मनीतील कारखाने एकीकरणानंतर धडाधड बंद पडले होते आणि बेरोजगारी देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक होती. सॅक्सनी राज्याने दोन्ही हातांनी स्वागत केले. नवी दक्षिण धावपट्टी सार्वजनिक पैशातून बांधली गेली आणि २००८ मध्ये केंद्र सुरू झाले. रहिवासी येथेही न्यायालयात गेले. जर्मनीचे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय याच लाइपझिग शहरात आहे. २००६ मध्ये त्याने रात्रीच्या सरसकट उड्डाणांना आक्षेप घेतला, पण एक्स्प्रेस मालाची मुभा राहू दिली. ‘उद्या सकाळी’ या वचनाला झोपेपेक्षा जास्त वजन मिळाले.

२१/
ज्या गावाने रात्र दिली, त्याला मोबदला कायमचा मिळतोच असे नाही. ओहायोतील विल्मिंग्टन हे जेमतेम बारा हजार वस्तीचे गाव. तेथील जुना हवाई दलाचा तळ एअरबोर्न या कंपनीने मालकेंद्र केला होता. २००३ मध्ये डीएचएलने तिचा जमिनीवरचा कारभार विकत घेतला, पण फेडेक्स व यूपीएसपुढे टिकाव लागला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील देशांतर्गत सेवा बंद करण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २००९ अखेर ती थांबली. आसपासच्या हजारो घरांतील रोजगार एकाच हिवाळ्यात गेला. रात्री पुन्हा शांत झाल्या. त्या शांततेत झोप लागणे मात्र कठीण झाले असेल.

२२/
आणि रात्रीची सर्वांत जड किंमत. १ जुलै २००२, रात्रीचे साडेअकरा. डीएचएलचे बोइंग ७५७ इटलीतील बेर्गामोहून ब्रसेल्सला निघाले होते. त्याच उंचीवर मॉस्कोहून बार्सिलोनाला जाणारे रशियन तुपोलेव्ह आडवे येत होते. आत उफा शहरातील शाळकरी मुले, सुटीच्या सहलीला निघालेली. खाली झुरिचच्या नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता. रात्रीची वर्दळ कमी म्हणून दुसरा विश्रांतीला गेला होता. रडार यंत्रणेची दुरुस्ती आणि मुख्य दूरध्वनी बंद, हे दोन्ही त्याच वेळी.

२३/
धोका लक्षात येताच नियंत्रकाने तुपोलेव्हला खाली यायला सांगितले. त्याच विमानातील टक्कररोधक यंत्र ‘वर जा’ सांगत होते. बोइंगच्या यंत्राने त्याला ‘खाली जा’ सांगितले होते. दोन्ही विमाने खाली आली. जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात टक्कर झाली आणि ७१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतेक मुले. मालवाहू विमानात दोन वैमानिक होते. फेब्रुवारी २००४ मध्ये त्या नियंत्रकाचाही बळी गेला, ज्याचे सारे कुटुंब विमानात होते अशा एका पित्याच्या हातून. यंत्र आणि माणूस परस्परविरोधी सांगत असतील, तर यंत्राचे ऐकावे, हा नियम त्यानंतर जगभर निःसंदिग्ध करण्यात आला. रात्री एकट्याने दोन जागा सांभाळण्याची पद्धत मात्र कोणत्याही यंत्राचा दोष नव्हता. ती काटकसर होती.

२४/
अशा घटना इतिहासजमा झालेल्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये लाइपझिगच्या केंद्रात एका पाकिटाने पेट घेतला. त्यात घातपाताचे साहित्य होते. ते जमिनीवर पेटले म्हणून निभावले. २५ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे लाइपझिगहून निघालेले विमान लिथुआनियातील विल्नियसजवळ एका घराच्या आवारात कोसळले. घरातली माणसे वाचली, विमानातील चौघांपैकी एक दगावला. विमान डीएचएलचा माल नेत होते, पण ते उडवत होती स्पेनची स्विफ्टएअर ही कंपनी. गोधडीतला तुकडा कोणाचा, हे एरवी कोणी विचारत नाही.

२५/
२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी मार्गदर्शक मर्यादा सुचवली: घराबाहेरील रात्रीच्या आवाजाची वर्षभराची सरासरी ४० डेसिबलपुढे जाऊ नये. मोठ्या विमानतळांभोवती ती पाळणे जवळपास अशक्य. एक्स्प्रेस सेवा निव्वळ चैन आहे, असेही म्हणता येत नाही. यंत्राचा अडलेला भाग, प्रयोगशाळेकडे निघालेला नमुना, रुग्णासाठीचे औषध हे सारे याच पट्ट्यांवरून जाते. फक्त त्याच पट्ट्यावर त्याच्या शेजारी, दोन दिवसांनी आले तरी चालले असते असा सदराही असतो, आणि स्कॅनरला दोघांतला फरक कळत नाही. रात्रीचे मोल दोघांसाठी सारखेच मोजले जाते.

२६/
नागपूरची रात्रीची टपालसेवा दोन दशकांहून अधिक काळ चालून बंद झाली. या शतकाच्या आरंभी ‘मिहान’ प्रकल्पाने देशाच्या मध्यावरचे मालवाहतूक केंद्र हे स्वप्न पुन्हा मांडले. चारी दिशांनी विमाने मध्यरात्री भेटतील असे केंद्र काही तिथे अद्याप उभे राहिलेले नाही. उद्या नागपुरात किंवा आणखी कुठे ते उभे राहिले, तर जमीन, धावपट्टी आणि रोजगार यांचे आकडे करारात येतीलच. किती माणसांची झोप, किती नियंत्रक जागे, आणि ग्राहक निघून गेला तर गावाचे काय, हे रकानेही त्याच करारात असायला हवेत. ब्रसेल्स, लाइपझिग आणि विल्मिंग्टन यांनी ते नंतर भरले. (समाप्त)